काल्याच्या दिवशी दोन गावं

महाराजांनी गाड्या जुंपल्या होत्या. कीर्तनातल्याच त्या गाड्या, पण मांडवात बसलेल्या बायाबापड्यांना त्यांचा धुरळा दिसत होता, बैलांच्या गळ्यातल्या घंट्या ऐकू येत होत्या. गोकुळात एकामागून एक संकटं येऊ लागली तेव्हा म्हाताऱ्या उपनंदाने भरल्या सभेत उठून सांगितलं, गड्यांनो, इथलं दाणापाणी सरलं, वृंदावनाला चला. मग निघालं अवघं गोकुळ. कुणी जातं उचललं, कुणी रवी घेतली, कुणी तुळशीचं रोप ओल्या फडक्यात गुंडाळलं. महाराजांनी गिरकी घेतली, टाळ छातीशी धरले आणि आवाज एकदम खाली आणला.

"आया-बायांनो, गाव सोडणं काय असते, ते तुमाले मी काय सांगू?"

गोसीखुर्द धरणाच्या पाण्याने जुनं गाव पोटात घेतलं, त्यानंतर या नव्या गावठाणात जन्मलेल्या पोरांना आता मिशा फुटल्या होत्या. तरी पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांचे पदर डोळ्यांशी गेले. मृदंगावर बसलेल्या परसरामचा हात मात्र ढळला नाही. त्याने ठेका धरला, महाराजांनी नाम उचललं आणि साऱ्या मांडवाने त्यामागे सूर धरला.

निर्मलाबाई, परसरामची बायको, बायकांच्या बाजूला खांबाशी बसली होती. कीर्तन म्हणजे तिचा जीव. साकोलीच्या आसपास कुठे सप्ताह लागला की परसरामच्या दुकानातलं काम अडो की घरचं, निर्मलाबाई काल्याच्या कीर्तनाला हजर. दर साली माघात ती दोघं या गावी यायची ती याच काल्यासाठी. पण आज महाराजांच्या गाड्या वृंदावनाच्या वेशीत शिरल्या तरी तिच्या डोक्यातल्या गाडीला वेस सापडत नव्हती. तिच्यापुढे दोन गावं होती, दोन्ही समुद्रापल्याड, आणि त्यांतल्या एकात तिची लेक जायची होती.

डिंपल नागपूरच्या एका दवाखान्यात नर्स होती. ऑस्ट्रेलियाची परीक्षा पास झाली, कागद झाले, आणि गावं दोन निघाली. दोन्हीकडून बोलावणं. कुठं जायचं ते आज सांजेपर्यंत एजंट बाईला कळवायचं होतं. नाहीतर दोन्ही जागा दुसऱ्यांना जाणार होत्या. परसराम म्हणाला होता, "काल्याले दादाकडं सारे जमतोच. तिथंच ठरवू, चार वडीलधाऱ्यायसमोर." ते निर्मलाबाईला पटलं नव्हतं. या घरात चार वडीलधाऱ्यांनी मिळून शेवटचं काही ठरवलं होतं ते धरणाच्या वेळी, आणि त्यात घर दुभंगलं होतं.

हंडी फुटली. लाह्या, दही अन् पोह्यांचा काला हातोहात वाटून झाला. पंगतीचा भात अजून चुलाण्यावर होता. तेवढ्या अवकाशात धनीरामच्या छपरीत सतरंजी पडली.

धनीराम, परसरामचा थोरला भाऊ, खुर्चीत बसला. परसराम खाली भिंतीला टेकून मृदंगाच्या डाव्या पुडीवर आवाजासाठी थापलेली, आता वाळलेली कणीक नखाने खरवडू लागला. कैलाश, निर्मलाबाईचा मुलगा, दारात उभा. डिंपल अन् तिचा नवरा राजकुमार शेजारी शेजारी बसले, पण दोघांमध्ये एक माणूस मावेल एवढी जागा राहिली होती. निर्मलाबाईच्या नजरेतून ते सुटलं नाही. ती स्वतः आतल्या दाराच्या आडोशाला थोरल्या जावेजवळ, रत्नाबाईजवळ, डोक्यावर पदर घेऊन बसली. भासऱ्यापुढे बसायची तिची तीच जागा. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती धनीरामशी एक शब्द बोलली नव्हती, आणि धनीरामही तिच्याशी नाही. भांडण नव्हतं काही, रीत होती. धाकट्या भावाच्या बायकोने भासऱ्याशी तोंडातोंडी बोलायचं नसतं. काही सांगायचं असलं की ती रत्नाबाईला म्हणायची, "बाई, त्यायले सांगा." आणि धनीराम हवेला सांगायचा, "कैलाशच्या मायले म्हणा, चहात साखर कमी पाह्यजे."

"हां, बोला आता," धनीराम म्हणाला. "कोणकोणते गावं आहेत?"

डिंपलने मोबाइलवरचा नकाशा पुढे केला. "एक ग्रिफिथ, मोठेबाबा. हे आतल्या भागात. गरमी आपल्यासारखी. धान होते तिथं, द्राक्षं होतात, संत्रे होतात. आपले लोक बक्कळ आहेत, पंजाबी जास्त." तिने नवऱ्याकडे मान वळवली. "यायचा मावसभाऊ तिथंच धानाच्या मिलीत आहे."

"धान होते?" रत्नाबाई आतून म्हणाली. "मंग झालं ना पोरी! आणखी काय पाह्यजे माणसाले?"

"दुसरं वॉर्नंबूल. समुद्राच्या काठी. थंडी अन् वारा. गाई लय आहेत, दुधाचा धंदा. पण आपलं कोणीच नाई."

"गाई आहेत म्हणते, मोठीमाय," कैलाशने डोळे मिचकावले. "गोकुळच समज. फक्त लोणी चोराले हिलेच जावं लागन."

सगळे हसले. राजकुमार नाही हसला.

"अन् काम?" धनीरामने विचारलं.

"ग्रिफिथले म्हाताऱ्या माणसायच्या आश्रमात. वॉर्नंबूलले दवाखान्यात, ऑपरेशन थेटरात. जे मी इथं करते, तेच."

"जवाईबापू, तुमचं काय म्हणणं?"

राजकुमार वरठीला एका कारखान्यात फिटर होता. रोज मोटारसायकलने जाणारा-येणारा, कमी बोलणारा, हाताचा पक्का. त्याने सतरंजीचा धागा ओढला. "माझं काय, मोठेबाबा. सारे म्हणतील तसं."

"माझं मत सरळ आहे," परसराम कणकेचा गोळा बाजूला ठेवत म्हणाला. "ग्रिफिथ. त्यात बोलाचंच काय? आपली माणसं आहेत, भाऊ आहे, जवाईबापूले हाताले काम आहे. आताच महाराजायनं नाई सांगतलं? नंदबाबा एकटा गेला का? अख्खं गोकुळ गाड्यायत घालून नेलं त्यायनं."

निर्मलाबाईने मनात म्हटलं, झालं. आता भासरेही तेच म्हणतील. धरणाच्या वेळी सारं गाव एका जागी न्यायचं म्हणून दारोदार फिरलेला माणूस तो. परसराम एकटा साकोलीला हायवेच्या कडेला जाऊन दुकान टाकून बसला, तेव्हा धनीरामने कित्येक वर्षं त्याच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं. मायच्या आजारपणातच काय तो पहिल्यांदा उंबरा ओलांडून आला. आपली माणसं सोडू नये, हे तर त्याचं कीर्तनच होतं.

धनीराम खुर्चीत सावरून बसला. "मी म्हणतो, पोट्टीनं त्या समुद्राच्या गावाले जावं."

कणीक खरवडणारं नख थांबलं. रत्नाबाईने जिभेने च्यक केलं. "काऊन जी? तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"ठिकाणावर आहे म्हणूनच सांगून राहिलो." धनीरामने हाताने बाहेरची आळी दाखवली. "पाय, सारे एका जागी आलो आम्ही. चांगलंच झालं, वाईट म्हणत नाई. पण नवं गाव नवं झालंच नाई, बाप्पा. जुन्या गावात ज्याची ज्याच्याशी बोलचाल नोती, ती अजून नाई. जुन्या गावात बांधावरून भांडत. तो बांध गेला पाण्याखाली, माशे फिरतात त्याच्यावर, पण हे अजून भांडून राहिले. पंगतीत पहिल्या पानावर कोण, ते तिथं ठरलं होतं, तेच इथं. आज जाऊन पाहा, महाराजायच्या आरतीचं ताट कोणी धरावं म्हणून दोघं रुसून बसले आहेत. पोट्टे म्हणतात, आजोबा, हा कोणता बांध? काय दाखवू त्यायले? माणूस आपलं गाव डोक्यावर घेऊन गेला, तं नवी जमीन त्याच्या पायाले लागतच नाई."

"वा रे दादा!" परसराम उसळला. "हे मले तवा सांगतलं असतं तं! तवा काय म्हणे तू? 'परश्या, कोण आहे तुहं साकोलीत? मेला तं उचलाले कोण येईन?' म्हणे का नाई?"

"म्हणलो."

"अन् तसंच झालं!" परसरामचा आवाज चिरकला. "माय माह्या घरी गेली. धो धो पाऊस, नाल्याले पूर, रस्ते बंद. तुमी कोणी येऊ शकले नाई. माह्या मायले खांदा कोणी देल्ला? समोरच्या कापडवाल्यानं. पंक्चरवाल्या बशीरभाईनं. एक तं बँकेतला बाबू, त्याचं नावही मले माहीत नोतं. परक्यायच्या खांद्यावर गेली माय. मी रोज दुकान उघडतो दादा, रोज तो पाऊस आठवते. माही पोरगी परदेशात, एकटी, अन् तिथं काही झालं तं? नाई. तिनं आपल्या माणसायतच जावं."

बाहेर चुलाण्यावरच्या भाताची वाफ आत आली.

निर्मलाबाई पदराआडून दोघा भावांकडे पाहत राहिली. काय देवाची लीला! जो साऱ्यांसोबत गेला तो म्हणतो, एकटी जा. जो एकटा गेला तो म्हणतो, साऱ्यांत जा. प्रत्येकाला आपल्या वाटेवरचेच काटे ठाऊक. डिंपल खाली मान घालून बसली होती, आणि तिला कुणी विचारत नव्हतं.

"पण बाबा," दारातून कैलाश म्हणाला. तो सकाळपर्यंत बापाच्याच बाजूने होता; येताना गाडीत त्यानेच बहिणीला ग्रिफिथचे गुण गायले होते. "महाराजायची गोष्ट अर्धीच सांगतली तुमी. देव राहिला का वृंदावनात? मथुरेले गेलाच ना. भाऊ सोबत होता, बाकी गोकुळ मागंच राहिलं."

"तू चूप! सकाळी एक, दुपारी एक."

"दुपारी मोठेबाबाचं ऐकलं ना."

"अरे, भांडता कायले?" रत्नाबाई उठली. "काल्याचा दिवस आहे. देवाले विचारा ना. कौल लावा."

हे सगळ्यांना पटलं. कौल लावणं या घरात नवीन नव्हतं. बैल घ्यायचा, विहिरीची जागा धरायची, कुणाचं स्थळ पाहायला जायचं, तरी देवापुढच्या अक्षतांची चिमूट घेऊन दाणे जोडीने मांडत. सारे जोडीत बसले तर एक कौल, एक उरला तर दुसरा. रत्नाबाईने सप्ताहाच्या पूजेचं तबक आणलं. कुंकवात रंगलेले तांदूळ, वर झेंडूची पाकळी. जोड आली तर ग्रिफिथ, एकट उरला तर ते समुद्राचं, असं ठरलं.

"ज्याचं जाणं, त्याची चिमूट," रत्नाबाई म्हणाली. "घे डिंपल."

डिंपलने आईकडे पाहिलं. निर्मलाबाईने मान हलवली. तिचा विश्वास होता. याच तबकाने राजकुमारचं स्थळ होकारलं होतं, आणि जावई सोन्यासारखा निघाला. डिंपलने डोळे मिटून चिमूट घेतली आणि सतरंजीवर सोडली. कैलाश उकिडवा बसला, बोटाने दाणे सरकवू लागला. जोडी, जोडी, आणखी एक जोडी. परसराम पुढे झुकला. धनीरामने चष्मा नाकावर चढवला.

शेवटी दोन उरले. त्यांतला एक अख्खा. दुसरा तुटका, अर्ध्यालाही कमी, नुसती कणी.

"जोड!" परसराम म्हणाला.

"कशाची जोड?" धनीराम म्हणाला. "तुटका आहे तो. अक्षत म्हणजे न तुटलेला दाणा. कणी मोजतात का पूजेत? एकट उरला."

"दाणा तो दाणा, दादा! देवाच्या तबकातून आला ना?"

"देवाच्या तबकातून झेंडूची पाकळीही आली. तीही मोज मंग!"

"तुकडा वेगळाच धरतात, मामाजी," राजकुमारच्या तोंडून पहिल्यांदा आपणहून शब्द निघाला. "मिलीत त्याचं पोतंच वेगळं."

"जवाईबापू, तुमी कोणाकडून बोलून राहिले?"

राजकुमारने पुन्हा सतरंजीचा धागा धरला. छपरीच्या तोंडाशी आता शेजारपाजारचे जमू लागले होते. कुणी म्हणालं, तुटका मोजायचा नसतो. कुणी म्हणालं, आमच्या इकडं मोजतात. एकीने नवी चिमूट घ्यायला सांगितली, तशी रत्नाबाई ओरडली, "देवाले दोनदा विचारता? तो काय बाजारातला यापारी आहे, भाव पटला नाई तं पुन्हा विचाराले?" परसराम म्हणत होता, जुन्या गावी बाबा तुटका मोजत. धनीराम म्हणत होता, बाबा कधीच मोजत नसत, तू लहान होतास. आवाज चढले. बाबांचा कौल, मग बाबांची जमीन, मग मोबदल्याच्या वेळी कोण काय बोललं होतं ते सगळं कणीच्या वाटेने वर आलं.

निर्मलाबाई त्या कणीकडे पाहत होती. आजवर कौल आला की तिने तो डोक्यावर घेतला होता. आजही देवाने कौल दिलाच होता, असं तिला वाटलं. त्याने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. ज्यांचा प्रश्न त्यांच्याच हाती परत ठेवला. पोर पुढ्यात बसली असताना तुम्ही मला काय विचारता, असंच जणू तो म्हणत होता.

ती उठली. दाराच्या आडोशातून बाहेर आली. सतरंजीच्या कडेला वाकून तिने सारे दाणे, अख्खे अन् तुटका, ओंजळीत गोळा केले आणि तबकात परत घातले.

"दादाजी," ती म्हणाली.

काय म्हणून हाक मारावी, तिला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत कधी गरजच पडली नव्हती. जो शब्द आला तो आला. रत्नाबाईचा हात तोंडावर गेला. परसराम मृदंगासारखा ताठ बसला. शेजारच्या एका म्हातारीने "अवो बाप्पा" म्हटलं, ते सगळ्यांना ऐकू गेलं.

मागे फिरायचं नाही, हे निर्मलाबाईने उंबरा ओलांडतानाच ठरवलं होतं.

"दादाजी, तुमी बोलले ते खरं आहे. हे बोलले तेही खरं आहे. पण हे भांडण तुमचं दोघायचं आहे, धरणाच्या वेळचं. पोरीच्या गावाचं नाई ते. तवा तुमी दोघं भाऊ ठरवून मोकळे झाले. मी यायच्या मागं साकोलीले गेली. बाई तुमच्या मागं इथं आल्या. आमाले दोघीयले कोणी विचारलं नोतं, अन् आमी बोललोही नाई. आज तरी जिचं जाणं आहे तिले विचारा."

धनीराम तिच्याकडे पाहत नव्हता. पाहायची सवयच नव्हती. तो आपल्या पायांच्या बोटांकडे पाहत होता. मग त्याने मान वर केली. हवेला सांगितलं नाही, रत्नाबाईला सांगितलं नाही.

"बरोबर आहे तुमचं, निर्मलाबाई," तो म्हणाला. आणि डिंपलकडे वळला. "बोल पोरी. आता मधात कोणी बोलणार नाई. परश्या, तूही नाई."

डिंपलने मोबाइल खाली ठेवला. "मले वॉर्नंबूलले जायचं आहे, मोठेबाबा. पहिल्या दिवसापासून. बोलली नाई, कारण घरात सारे ग्रिफिथ म्हणत होते." ती बापाकडे पाहत पुढे म्हणाली, "बाबा, म्हाताऱ्यायची सेवा पुण्याचं काम आहे, मी त्याले कमी म्हणत नाई. पण मी थेटरात उभी राहते ना, तं डॉक्टरनं मागायच्या आधी चिमटा माह्या हातातून त्यायच्या हातात जाते. त्यायले तोंड उघडावं लागत नाई. ते शिकाले माही जवानी गेली. ते दोन वर्षं सोडलं तं हात विसरतील. तुमचा मृदंग सोडून पाहा दोन वर्षं."

परसरामने मृदंगावर हात ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला.

"अन् काही झालं तं?" तो हळूच म्हणाला. धनीरामने रोखून पाहिलं, तरी तो थांबला नाही. "तिथं कोण खांदा देईन?"

"ज्यायनं मायले देल्ला तेच," निर्मलाबाई म्हणाली. "ज्यायनं त्या पावसात खांदा देल्ला ते परके कसे जी? बशीरभाई त्या दिवशीपासून दिवाळीचा पहिला दिवा आपल्या घरी पाहाले येतात. कापडवाल्याची सून माह्या हातचं लोणचं मागाले येते. तुमी पाऊस आठवता. मले ते आठवतात."

परसरामने कणकेचा उरलेला कपचा अंगठ्याने उडवला.

पण निर्मलाबाईचं काम संपलं नव्हतं. ती आता राजकुमारपुढे बसली, खाली, सतरंजीवरच. जावयापुढे सासूने असं बसावं, हेही रीतीत बसत नव्हतं. पण रीत आज एकदा सैल झालीच होती.

"जवाईबापू, तुमी मघापासून सारे म्हणतील तसं म्हणून राहिले. साऱ्यायचं झालं. आता तुमचं सांगा. खरं सांगा."

राजकुमारने धागा ओढणं सोडलं. त्याचे कान लाल झाले. "खरं सांगू मामी? मले भेव वाटते." छपरीतल्या गर्दीकडे त्याने एकदा पाहिलं. "ग्रिफिथले भाऊ आहे. तो मिलीत लावून देईन. मी माह्या कामावर गेलो, असं होईन. त्या दुसऱ्या गावी मले कोण ओळखते? माही भाषा नाई चालत. लोक विचारतील, तुमी काय करता, तं काय सांगू? बायकोच्या नोकरीवर आलो म्हणून?"

डिंपलने झटकन त्याच्याकडे पाहिलं. हे तो तिला एकट्यात कधी बोलला नव्हता, ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

निर्मलाबाईला हसू आलं. टोमण्याचं नव्हे, मायेचं. "बापू, मी साकोलीले कायच्या भरोशावर आली होती? यायच्या दुकानाच्या. मले तिथं कोण ओळखत होतं? माही गावाकडली बोली ऐकून हायवेवरच्या बाया हसत. 'दुकानवाल्याची बायको,' एवढंच नाव होतं माहं. मले कोणी विचारलं का, कोणाच्या नोकरीवर आली म्हणून?"

रत्नाबाई आतून म्हणाली, "अन् मी कोणाच्या? सांग ना, निर्मले, सांग."

छपरीच्या तोंडाशी उभ्या बाया खुदकन हसल्या, आणि मग त्यांतली एकेक जण गप्प झाली, जणू प्रत्येकीने आपापलं उत्तर शोधून पाहिलं.

"हुनर आहे तुमच्या हातात," निर्मलाबाई पुढे म्हणाली. "मशीन काही मराठी बोलत नाई. थोडे दिवस डिंपलचा नवरा राहा. आमी साऱ्या जणी कोणाच्या तरी बायका राहिलोच की. त्यानं कोणी मेली नाई."

राजकुमारने मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते. क्षणभर निर्मलाबाईला वाटलं, आपण जास्त बोललो. पण तो हसत होता. रडतही असेल थोडा. त्याने डिंपलकडे सरकून मधली जागा भरून काढली.

"सुरुवातीले घरी मी भात मांडीन," तो तिला म्हणाला. "पण वांग्याची भाजी तू शिकव."

"तुमच्यानं होते का ते!" डिंपल म्हणाली. "करपवाल."

"मंग करपलेलं खाय."

धनीरामने गुडघ्यावर हात मारला. "झालं! करा फोन. नाईतं ती एजंट बाई दुसऱ्या कोणाले धाडन, अन् आपण इथं कणी मोजत बसू."

छपरीत नेटवर्क धरेना. डिंपल अंगणात गेली, तिथंही नाही. शेवटी गोठ्यामागच्या उंचवट्यावर गवताच्या गंजीशी उभी राहिली तेव्हा फोन लागला. एकेक करून सारे तिच्यामागे गेले. कैलाशने चपला घातल्या नाहीत, रत्नाबाईच्या हातात तबक तसंच होतं. डिंपल इंग्रजीत बोलत होती, ठाम आणि शांत, थेटरात बोलत असेल तशी. त्यातलं एक नावच काय ते सगळ्यांना कळलं. मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. डिंपलने राजकुमारकडे पाहिलं आणि उत्तर दिलं.

"काय विचारलं?" राजकुमार म्हणाला.

"दोघंही येणार ना, म्हणे."

"तू काय म्हणाली?"

"हो म्हटलं."

मांडवाकडून पंगतीची हाक आली. पत्रावळींचा आवाज झाला, कुणीतरी भाताची पाटी घेऊन धावत गेलं. सगळे वळले. परसराम मात्र गंजीशीच उभा राहिला. निर्मलाबाई त्याच्यासाठी थांबली. तो रागावला असेल, तर रात्री साकोलीच्या वाटेवर समजूत काढू, असं ती मनाशी म्हणत होती. पण त्याने पुढे निघालेल्या जावयाला हाक मारली.

"जवाईबापू."

राजकुमार परत आला.

"तिथं पोचले का, सामान उघडायच्या आधी बाजूवाल्यायचे नावं विचारजा. दोन्हीकडचे. मी साकोलीत बरेच दिवस विचारलेच नोते. अन् एक दिवस त्यायले जेवाले बोलवजा. भात खातात का नाई, कोणास ठाऊक. नसतील खात, तं पोळ्या करजा."

"हो मामाजी."

"चला मंग," परसराम म्हणाला, आणि जावयाच्या खांद्यावर हात टाकून पंगतीकडे निघाला.